‘एवढं ऐक’मध्ये सिंबल का नाही

आमचं ‘एवढं ऐक’ आल्यापासून लोकांनी दोन प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं आहे. एक, गाण्यातली ती मुलगी कोण? आणि दोन, ड्रमवालीला सिंबल वाजवता येत नाही का? पहिल्या प्रश्नाचं मला काही नाही. दुसरा वाचला की माझं डोकं फिरतं, कारण ती ड्रमवाली मी आहे. सिंबल म्हणजे ड्रमसेटवरच्या त्या पितळी थाळ्या. रॉकच्या गाण्यात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. माझ्याकडे चांगल्या तीन आहेत, आणि मी त्या अशा वाजवते की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जातात. तरी या गाण्यात एकही वाजत नाही. का, ते बरेच दिवस मलाच माहीत नव्हतं. आणि एखादी गोष्ट मला माहीत नसली की मला जेवण जात नाही. आता सांगायला हरकत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनीच ‘लिही’ म्हटलं आहे.

आमच्या बँडचं नाव ‘तुडतुडे’. धानावर पडणारी कीड. घरच्यांच्या मते आम्ही जे करतो त्याला हेच नाव शोभतं, म्हणून आम्ही तेच घेतलं. हिमांशु गातो, गाणी लिहितो आणि गिटार वाजवतो. मोनू दुसरी गिटार वाजवतो, एरवी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुर्गेश्वरीकडे बेस, म्हणजे ती जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. आणि मी नीतू. दिवसा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते, संध्याकाळी ड्रम बडवते. दोन्हीकडे राग काढायला भरपूर वाव असतो.

गोंदियासारख्या गावात रॉक बँडला जागा देणार कोण? मोनूच्या गच्चीवर सुरू केलं तर शेजारच्या आंटी काठी घेऊन आल्या. शेवटी हिमांशुच्या वडिलांनी, उमरावकाकांनी मार्ग काढला. काका शहराबाहेरच्या एका राइस मिलमध्ये ऑपरेटर. तिथली रिकाम्या बारदान्याची, म्हणजे पोत्यांची, खोली त्यांनी मालकाकडून मागून घेतली. मालकाची अट एकच होती, मिल चालू असेल तेवढ्याच वेळात वाजवायचं. अट शहाणपणाची होती. मिल चालू असली की शेजारून बँडबाजासकट वरात गेली तरी कळत नाही, तिथं आमची काय कथा.

आमची सगळी गाणी त्या घरघरीत जन्मली. मिलच्या वरताण आवाज काढल्याशिवाय आम्हाला आमचंच काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळी गाणी किंचाळणारी. हिमांशु गळ्याच्या शिरा फुगवून वरच्या पट्टीत ओरडायचा, मी सिंबल फोडून काढायचे. लोकांना वाटायचं ही आमची शैली आहे. कसली शैली! मिलच्या मोटारीशी भांडण होतं ते.

मिलमध्ये कोणी तोंडानं बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. तिथं सगळं हातानं चालतं. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटाचा घेर दाखवला की मालक आला. चिमूट चोळून दाखवली की तांदळात कणी जास्त पडते आहे, मशीन बघ. गळ्याला हात लावला की पाणी. हमाल, ऑपरेटर, गाडीवाले, सगळे एकमेकांशी हातानं इतकं भरभर बोलतात, चेष्टामस्करी करतात, एकमेकांच्या आयाबहिणीही काढतात, की बघत राहावंसं वाटतं. आम्हीही ते थोडंफार शिकलो. हिमांशुला तर लहानपणापासून येत होतं.

आमची प्रॅक्टिस चालली असली की काका कधीतरी दारात येऊन उभे राहायचे. अंगावर कोंड्याची पावडर, भुवयांपर्यंत पांढरे. गाणं संपलं की अंगठा आणि बोट जुळवून दाखवायचे, एक नंबर! आम्ही खूश. मोनूनं मधला तुकडाच खाल्लेल्या गाण्यालाही एक नंबर, आणि माझी काठी हातातून निसटून दुर्गेश्वरीच्या कपाळावर बसली त्या गाण्यालाही एक नंबर. संशय तेव्हाच यायला हवा होता. पण स्तुती कोण तपासून बघतं?

मग मागच्या हिवाळ्यात हिमांशु हे गाणं घेऊन आला. रॉकवाले ज्याला बॅलड म्हणतात तसलं. संथ, गळ्यातून हळूहळू सोडलेलं.

“तुला पोचेना म्हणून ओरडत राहिलो,
आता ओरडत नाही, एवढं ऐक.”

आणि गात होता कुठे, तर पार खालच्या पट्टीत, जिथं त्याचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. मोनू म्हणाला, “भाई, तबियत ठीक है ना?” दुर्गेश्वरी मात्र खूश होती, कारण पहिल्यांदाच कोणीतरी तिला ‘मोठ्यानं वाजव’ म्हणत होतं. मग हिमांशु मला म्हणाला, “नीतू, ती मोठी सिंबल काढ.”

काढली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दुसरीही काढ. त्यानंतर तिसरी. मग काठ्याही नकोत म्हणाला, कापसाचे बोळे गुंडाळलेल्या दांड्या आणल्या आणि म्हणाला, मोठे ड्रम तेवढे वाजव, हळू आणि खोल.

“काऊन पण?” मी विचारलं.

“चांगलं वाटते.”

“मला नाही वाटत. मिलमध्ये हे कोणाला ऐकूच येणार नाही.”

“मिलमध्ये नाही वाजवायचं,” तो म्हणाला, आणि गिटारच्या तारा जुळवायला लागला. मी दांड्या फेकल्या आणि घरी आले. राग सिंबलचा नव्हता. हा माणूस काहीतरी लपवतो आहे आणि ते मला कळत नाही, याचा होता.

मी आणि मोनूनं तर्क लढवायला सुरुवात केली. मोनूचं म्हणणं, मुलगी. हिमांशुचं पहिलं प्रेम बालाघाटला लग्न होऊन गेलं होतं, तिला हे किंचाळणं आवडायचं नाही, म्हणून हे सगळं. मला पटेना. सोडून गेलेल्या मुलीसाठी माणूस शब्द बदलेल, सूर बदलेल. पितळी थाळ्यांशी वैर कशाला धरेल? शिवाय तो एक विचित्र गोष्ट करायचा. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग तो मोनूच्या दुकानातल्या स्पीकरच्या मोठ्या बॉक्सवर लावायचा, बारीक आवाजाचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण अगदी शून्यावर आणायचा, आणि डोळे मिटून ऐकायचा. तसं लावलं की गाणं रजईखालून आल्यासारखं यायचं. मोनू म्हणायचा, “घटिया लग रहा है.” हिमांशु म्हणायचा, “शब्द कळतात का तेवढं सांग.” असं ऐकून कोणाला गाणं आवडेल? कोणाला हवं असेल असं गाणं? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी क्लासमध्ये पोरांना वर्गसमीकरणं चुकीची शिकवली.

शेवटी मी सरळ त्याच्या घरी गेले. दवनीवाड्याला. निमित्त होतं चिन्नोर तांदळाचं. गंगाकाकू, म्हणजे हिमांशुची आई, घरचा चिन्नोर ठेवतात हे मला माहीत होतं. रविवार होता, काका सुट्टीवर. हिमांशु शेताकडे गेला होता, ते बरंच झालं.

काकू माझ्याशी तोंडभरून बोलत होत्या. “ये वो बाई, बस. कायले उभी आहे?” पण काकांना चहा विचारायचा तर अंगठा ओठाला. जेवायला कधी बसता, तर पाची बोटं तोंडाकडे. मी म्हटलं, “काकू, घरी पण मिलची भाषा?”

“सवय लागून गेली,” त्या हसल्या. “हे मिलातून आले का हातच हलवत राहत. पोट्ट्याले लहानपनी मजा वाटे, तोही तसाच बोले. मग मीही तसाच कराले लागली. आता तोंडानं बोलाचं ध्यानातच नाही राहत.”

मी चहा घेत बसले. काका अंगणात माझ्याकडे पाठ करून स्कूटर पुसत होते. काकूंच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. असा खणखणाट झाला की माझा चहा बशीत सांडला, आणि कोंबड्या पळाल्या. काका वळलेच नाहीत. मला वाटलं लक्ष नसेल. मी हाक मारली, “काका!” नाही. जरा मोठ्यानं, “ओ काका!” नाही. मग रस्त्यावर लांब कुठंतरी ट्रॅक्टरची धडधड सुरू झाली, आणि काका मान वर करून म्हणाले, “दुलीचंदचा ट्रॅक्टर आला वाटते.”

मी चहा तसाच ठेवला. माणूस गणित शिकवत असला तरी सगळी गणितं त्याला पटकन सुटतात असं नाही, पण हे सुटलं. ताट नाही, हाक नाही, ट्रॅक्टर मात्र आहे. बारीक आवाज गेले होते, जाड तेवढे उरले होते. आणि माझ्या तिन्ही थाळ्या बारीक आवाजाच्या.

मी तांदूळ न घेताच शेताकडे सुटले. हिमांशु धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून होता. मी धापा टाकत म्हटलं, “काकांना ऐकू येत नाही!”

तो आधी माझ्यावर चिडला, मग बोलायला लागला. त्यालाही फार दिवस झाले नव्हते कळून. चुलतभावाच्या लग्नात काका डीजेच्या मोठ्या बॉक्सजवळ जाऊन उभे राहिले होते आणि बोटांनी मांडीवर ठेका धरला होता. “बाबाले ठेका धरताना मी आयुष्यात पाहिलो नव्हतो,” तो म्हणाला. मग तो घरी बारकाईनं बघायला लागला. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, आईची हाक, काहीच पोचत नव्हतं. मिलच्या मोटारीशेजारी उभं राहून राहून कान हळूहळू गेले, आणि घरात सगळे हातानंच बोलायचे म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. काकांनी स्वतः कोणाला सांगितलं नाही. कधीतरी एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं, ते त्यांनी मिलमध्ये लावून पाहिलं आणि सगळी मिल डोक्यात शिरल्यासारखी झाली म्हणून कपाटात टाकून दिलं. घरी सांगितलं, फुकटचं होतं म्हणून आणलं.

“म्हणजे आपली गाणी?” मी विचारलं.

“एकही नाही ऐकलं त्यानं,” हिमांशु म्हणाला. “दारात येऊन उभा राहे. आपलं तोंड हलताना पाहे. एक नंबर म्हणे.”

मला भयंकर वाईट वाटलं, आणि त्याच्या दुप्पट राग आला, कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, “मग डॉक्टरकडे ने ना त्यांना! गाणं कशाला लिहीत बसलास?”

“नेईन. पण आधी विचारलं तं लाजेल तो. मुलाले माहीत झालं म्हणून. माहं एक गाणं त्याच्या कानापर्यंत गेलं पाहिजे, मग मी विचारीन. नाही गेलं, तं हे गाणं बाहेर काढायचंच नाही. लोकाईले काय करायचं आहे त्याचं?”

त्या दिवसापासून मी सिंबलचं नाव काढलं नाही. दुर्गेश्वरीला आणि मोनूलाही सांगितलं. दुर्गेश्वरी दोन दिवसांनी बेसवर असा काही सूर काढून आली की खिडकीच्या काचा थरथरल्या. मोनूनं गिटारच्या बारीक तारा सोडूनच दिल्या, फक्त वरच्या जाड तारांवर वाजवलं, आणि बालाघाटच्या मुलीबद्दल हिमांशुची माफी मागितली. हिमांशुला ती माफी कशाबद्दल ते कळलं नाही. मिलला सुट्टी होती त्या दिवशी, मालकाकडून एका दिवसापुरती अट सोडवून घेऊन, त्याच बारदान्याच्या खोलीत आम्ही गाणं रेकॉर्ड केलं. पहिल्यांदाच त्या खोलीत आम्ही एकमेकांना नीट ऐकलं. मला तर थोडी लाजच वाटली, आपण इतके दिवस काय करत होतो म्हणून.

आणि मग दुसऱ्या रविवारी सगळे दवनीवाड्याला. काकांना एवढंच माहीत होतं की पोट्टे जेवायला येणार. काकूंनी पाटोडीची रस्साभाजी केली होती. आम्ही ताटातलं नुसतं चिवडत होतो, एकट्या काकांनी दोनदा भात मागून घेतला. जेवण झाल्यावर मोनूनं मोठा बॉक्स बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. ठरलं असं होतं की काकांना काही सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही. हातानं दाखवलं तर ते न ऐकताच एक नंबर म्हणतील.

काका खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, तोंड खिडकीकडे. हिमांशु त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मोनूनं गाणं लावलं.

सुरुवातीला फक्त बेस. काका सुपारी कातरत होते. मग माझे ड्रम आले, हळू आणि खोल. काका कातरतच होते. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात हिमांशुचा आवाज सुरू झाला, “तुला पोचेना म्हणून...” आणि अडकित्ता थांबला. काकांनी मान वळवली. कोणी बोट दाखवलं नव्हतं, कोणी हात हलवला नव्हता. त्यांनी आपणहून बॉक्सकडे पाहिलं, सुपारी तशीच मुठीत धरली, आणि खुर्ची ओढून जवळ घेतली.

दुर्गेश्वरीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. मला रडू येत होतं आणि नाचावंसं वाटत होतं. गाणं संपेपर्यंत काका हलले नाहीत.

“कोनाचं गानं व्हय हे?” ते मोठ्यानं म्हणाले. ते नेहमीच मोठ्यानं बोलायचे.

हिमांशु पुढं आला. त्यानं छातीवर हात ठेवला, मग आमच्या सगळ्यांकडे फिरवला. आमचं.

“तुमचं? वा रे पोट्टेहो! बजावलं मस्त.” काका खरंच खूश होते. डोळे चमकत होते. “गानारा कोन आनला?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“आवाज भारी आहे बाप्पा त्याचा. जड. नागपूरचा आहे काय? मस्त आहे. पन आता आपल्या हिमांशुचं लावा ना. तो बारीक आवाजात गाते ते. लहान होता तं धुऱ्यावरून मले हाका मारे, पार त्या बांध्यायच्या टोकावर आयकू ये मले.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा पदर तोंडावर गेला होता. तेव्हा मला कळलं आम्ही काय विसरलो होतो ते. या घरात पोराचा आवाज फुटला, घोगरा झाला, बाप्यासारखा झाला, आणि तेव्हापासून तो बापाशी फक्त हातानं बोलत होता.

हिमांशुनं पुन्हा छातीवर हात ठेवला. “हो रे, तुमचंच, समजलं,” काका म्हणाले. “गानाऱ्याचं विचारून राहिलो.” मग हिमांशुनं गळ्याला हात लावला. माझा गळा, माझा आवाज. काका काकूंकडे वळले. “पानी दे वो त्याले.”

मिलमध्ये आवाजाला खूणच नाही. कोणाला कधी लागलीच नाही.

काकू खरंच पाणी आणायला उठल्या आणि दारातच थांबल्या. हिमांशु खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्यानं तोंड काकांच्या कानाशी नेलं आणि गाण्यात होता त्याच खालच्या आवाजात म्हणाला, “बाबा. मीच व्हय तो.”

काका त्याच्या तोंडाकडे बघायला लागले नाहीत. ते समोर भिंतीकडेच बघत राहिले आणि एका हातानं त्यांनी त्याची मान धरून ठेवली, दूर जाऊ नये म्हणून.

“अजून बोल,” ते म्हणाले.

त्याला काही सुचेना. एवढी गाणी लिहिणारा माणूस, पण सुचेना. आत्ताच सगळे एका पंगतीला बसून जेवून उठलो होतो, तरी तो कानात म्हणाला, “जेवला काय, बाबा?”

“जेवलो,” काका म्हणाले.

“कवा झाला रे तुहा आवाज असा?” त्यांनी विचारलं. “मले कोनी सांगतलंच नाही.”